आकड्याखालचा तपशील

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्राचा एक पेपर होता. परीक्षेत दहा वर्षांचा पाऊस आणि दहा वर्षांचं ज्वारीचं उत्पन्न असे दोन रकाने देऊन त्यांचा सहसंबंध गुणांक काढायला सांगितला होता. मी सूत्र लिहिलं, आणखी तीन रकाने आखले, वर्ग केले, बेरजा केल्या, वर्गमूळ काढलं आणि उत्तर लिहिलं : ०.८२. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. त्या गणिताला दहापैकी दहा गुण मिळाले.

माझे वडील शिंपीकाम करायचे. गुण ऐकून त्यांना आनंद झाला. मशीनवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "उत्तर काय आलं होतं?"

"शून्य पूर्णांक ब्याऐंशी शतांश."

"म्हणजे काय?"

"उत्तर आहे ते, अब्बा."

"उत्तर आहे ते कळलं. पण पावसाचं आणि ज्वारीचं काय झालं?"

मला सांगता येईना. दहापैकी दहा मिळालेलं गणित मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं, आणि आपल्याला ते येत नाही हेही अब्बांनी विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. परीक्षकांनी ते विचारलंच नव्हतं. खरं तर वाक्य साधं होतं. ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी बहुतेक वेळा ज्वारीही जास्त. पण हे दहाच वर्षांचं आहे, आणि ज्वारी केवळ पावसामुळेच वाढली असं नुसत्या या आकड्यावरून म्हणता येणार नाही. एवढं लिहिता आलं असतं तर गणित समजलं होतं असं म्हणता आलं असतं.

अब्बांच्या दुकानात मापांची एक वही असे. तीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे आकडे असत आणि आकड्यांशेजारी शब्द असत. छाती ३८, आणि पुढे 'उजवा खांदा उतरता'. कंबर ३४, आणि पुढे 'सैल आवडते'. शब्दांशिवाय नुसत्या आकड्यांवर शिवलेला सदरा अंगाला बसत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. आज मला बोलायचं आहे ते संख्याशास्त्राच्या वर्गातल्या याच शब्दांविषयी. संख्याशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांकडून वाक्यं लिहून घ्यावीत आणि त्या वाक्यांवरून त्यांना गुण द्यावेत, ही कल्पना अलीकडची वाटते. तिचा इतिहास मात्र बराच मागे जातो.

१६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाच्या माणसाने एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. ग्रॉन्ट हा कापडाचा व्यापारी. लंडनमध्ये त्या काळी दर आठवड्याला किती माणसं कशाने मेली याचे तक्ते छापले जात. लोक ते विकत घेत आणि गप्पांना विषय झाला की विसरून जात. ग्रॉन्टने अनेक वर्षांचे तक्ते एकत्र ठेवून पाहिले आणि त्यांवर आपली निरीक्षणं लिहिली. मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, हे त्याने आकड्यांवरून दाखवलं. पण मला त्याची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हे आकडे येतात कुठून, याचा त्याने शोध घेतला. प्रेत पाहून मृत्यूचं कारण सांगण्याचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. गुप्तरोगाने मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी पेलाभर दारू पाजली आणि फी दुप्पट दिली की कारणाच्या जागी 'क्षय' असं लागे. म्हणजे तक्त्यात क्षयाचे मृत्यू जास्त आणि गुप्तरोगाचे कमी. ग्रॉन्टने हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं. आज जगभर संख्याशास्त्राच्या आरंभकाळातलं एक मोठं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते असं आकड्यांवर लिहिलेलं निरीक्षणात्मक गद्य आहे.

'स्टॅटिस्टिक्स' हा शब्दही गद्यातूनच आला. अठराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात गॉटफ्रीड आखेनवाल नावाचे प्राध्यापक हा विषय शिकवत. एखाद्या राज्याची माहिती, म्हणजे त्याची जमीन, लोक, कायदे आणि व्यापार यांचं वर्णन, असा त्याचा अर्थ होता. त्यात आकडे जवळजवळ नसत. पुढे आकड्यांचे तक्ते मांडणारे लोक आले, तेव्हा जुन्या मंडळींनी त्यांना 'तक्त्यांचे गुलाम' म्हणून हिणवलं.

हा शब्द इंग्रजीत रुजवला स्कॉटलंडच्या सर जॉन सिंक्लेअर यांनी. १७९० साली त्यांनी स्कॉटलंडमधल्या नऊशेहून अधिक धर्मग्रामांच्या पाद्रींना १६० प्रश्नांची यादी पाठवली. लोक किती, गुरं किती, मजुरी किती, शाळा आहे का, रोग कोणते. पाद्रींनी उत्तरं पाठवली ती निबंधांच्या रूपात. १७९१ ते १७९९ या काळात ते सगळे निबंध २१ खंडांत छापले गेले. एखाद्या देशाची माणसं किती सुखात आहेत आणि ते सुख कसं वाढवता येईल हे शोधणं, असा सिंक्लेअर यांनी 'स्टॅटिस्टिक्स'चा अर्थ सांगितला होता. थोडक्यात, या विषयाचा पहिला मोठा गृहपाठ नऊशे पाद्रींनी लिहिला आणि तो वाक्यांत लिहिला.

मग आकडा आणि वाक्य यांची फारकत झाली कशी? याचं एक उत्तर लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या मुद्रेत सापडतं. १८३४ साली ही संस्था स्थापन झाली. तिच्या मुद्रेवर गव्हाची पेंढी होती आणि खाली लॅटिनमध्ये ब्रीद होतं. त्याचा अर्थ असा : मळणी दुसऱ्यांनी करावी. आम्ही तथ्यं गोळा करू, त्यांतून दाणे काढण्याचं, म्हणजे अर्थ लावण्याचं काम इतरांचं. मतमतांतरांच्या भांडणापासून दूर राहण्याचा त्यांचा हेतू प्रामाणिक होता. पण पेंढ्या नुसत्या रचून ठेवल्या तर त्यांचं काय होतं हे खळं पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. पुढे संस्थेने हे ब्रीद सोडून दिलं.

१८५८ साली या संस्थेने आपल्या पहिल्या स्त्री सदस्याची निवड केली. त्या होत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकड्यांवरून, रंगीत आकृत्या काढून आणि त्यांवर सडेतोड गद्य लिहून सरकारला पटवलं. नंतर त्यांनी हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची पाहणी हाती घेतली. छावण्यांकडून आलेले तक्ते आणि लेखी उत्तरं वाचून त्यांनी त्यांवर भाष्य लिहिलं, ते १८६३ साली प्रसिद्ध झालं. हिंदुस्थानातले गोरे सैनिक दर वर्षी हजारी ६९ या प्रमाणात मरत होते, हा त्यातला एक आकडा. घाण पाणी, तुंबलेली गटारं आणि कोंदट बराकी ही त्या आकड्याखालची वाक्यं. हिंदी रयतेच्या आरोग्याकडे त्या यातूनच वळल्या. खेड्यांच्या स्वच्छतेबाबत पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१८९१ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला एक लांबलचक पत्र लिहिलं. ऑक्सफर्डमध्ये व्यावहारिक संख्याशास्त्राचं अध्यासन सुरू करावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांची तक्रार अशी की मंत्र्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे आकड्यांचे ढीग असतात, पण त्यांचं काय करायचं हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेलं नसतं. मग आकड्यांनी ज्यांची उत्तरं द्यावीत अशा प्रश्नांची यादी त्यांनी दिली. शाळा सोडल्यावर मुलं शिकलेलं किती विसरतात? शिक्षेमुळे गुन्हेगार सुधारतो की बिघडतो? आणि हिंदुस्थानचे लोक अधिक श्रीमंत होत आहेत की अधिक गरीब? या यादीतला एकही प्रश्न नुसत्या बेरजेने सुटणारा नाही. ते अध्यासन काही झालं नाही. पण संख्याशास्त्र शिकवायचं तर प्रश्न वाक्यात विचारावा आणि उत्तरही वाक्यात द्यावं, हे त्या पत्रात आलेलं होतं.

तरीही परीक्षेच्या पेपरात वाक्याला जागा मिळाली नाही. का, ते समजण्यासारखं आहे. १८९०च्या सुमारास एजवर्थ नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने लॅटिन गद्याचा एक उतारा जाणकार परीक्षकांपुढे ठेवला आणि शंभरपैकी गुण मागवले. अठ्ठावीस जणांनी गुण दिले. सर्वांत कमी होते ४५ आणि सर्वांत जास्त १००. निबंध एकच, लिहिणारा एकच. नापासाच्या उंबऱ्यापासून पूर्ण गुणांपर्यंतचा फरक फक्त तपासणाऱ्याच्या नजरेचा.

पुढे १९१२-१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी हाच प्रयोग शाळांतल्या शिक्षकांवर केला. त्यांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिका पाठवल्या तेव्हा गुणांत मोठी तफावत आली. हे तर भाषेच्या विषयात होणारच, असं लोक म्हणाले. मग त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे पाठवली. तिला २८पासून थेट नव्वदीच्या पुढेपर्यंत गुण मिळाले.

या प्रयोगांचा धसका शिक्षणव्यवस्थेने घेतला. लिहिलेल्या उत्तराला न्याय देता येत नाही, तर लिहायलाच लावू नका, असा सोपा मार्ग निघाला. पर्यायांवर खुणा करा, सूत्रात आकडे घाला, अंतिम उत्तराखाली दोन रेघा ओढा. तपासणाऱ्याची मर्जी चालणार नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा न्याय होता, हे नाकारता येणार नाही. खेड्यातून आलेल्या, भाषेला बिचकणाऱ्या मुलाला तर या पद्धतीने आधारच दिला. पण त्याची किंमतही मोजावी लागली. वर्गमूळ अचूक काढणारी आणि ते कशासाठी काढलं हे न सांगता येणारी माझ्यासारखी मुलं पिढ्यान्पिढ्या पास होत राहिली.

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते मात्र अर्थाचं भान घेऊनच. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३३ साली तिचं नियतकालिक निघालं, त्याचं नाव त्यांनी 'सांख्य' ठेवलं. संख्या आणि सम्यक् ज्ञान असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत, म्हणून ते निवडलं, असं त्यांनी पहिल्याच अंकात सांगितलं. १९४१ साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. १९५३ साली पुणे विद्यापीठात प्रा. व. शं. हुजूरबाजार यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास बाहेर आला. त्यात तक्ते आहेत, पण तक्त्यामागचा माणूस काय खातो आणि त्याच्या हातात किती पडतं, हे सांगणारं गद्यही आहे. म्हणून तो देशभर वाचला गेला आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. महालनोबिस, दांडेकर ही माणसं आकडा बोलता करणारी होती. त्यांच्या नावाने शिकवला जाणारा विषय परीक्षेत मात्र मुका राहिला.

वर्गात वाक्य परत आणण्याच्या प्रयत्नांत एक नाव मला फार जवळचं वाटतं, ते हार्वर्ड विद्यापीठातल्या फ्रेडरिक मॉस्टेलर यांचं. याचं कारण त्यांच्या आयुष्यातलं एक गमतीचं प्रकरण. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ साली टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले होते. त्यांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षं मिटला नव्हता. १९४१ साली तरुण मॉस्टेलर यांनी एका सहकाऱ्याबरोबर दोघांच्या वाक्यांची लांबी मोजली. हॅमिल्टनच्या वाक्यात सरासरी ३४.५५ शब्द, मॅडिसनच्या वाक्यात ३४.५९. सरासरीने काहीच सांगितलं नाही. अनेक वर्षांनी डेव्हिड वॉलेस यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा मोजणी केली, ती अगदी क्षुल्लक शब्दांची. आपल्याकडच्या 'वर', 'आणि', 'मात्र' अशा शब्दांसारखे हे शब्द. एक विशिष्ट शब्द हॅमिल्टन हजारात तीनेक वेळा वापरतो, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांच्या हिशेबातून १९६४ साली त्यांनी दाखवून दिलं की ते बारा निबंध मॅडिसनचे असण्याचीच शक्यता फार मोठी आहे.

लिहिलेल्या शब्दांवर संख्याशास्त्र चालवणाऱ्या या माणसाने पुढे संख्याशास्त्राच्या वर्गात लिहिलेला शब्द आणला. १९६०-६१च्या सुमारास त्यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर भल्या सकाळी संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकवलं. लाखो लोकांनी ते पाहिलं. पण पडद्यावरून शिकवणाऱ्याला समोरच्याला काय समजलं ते दिसत नाही. वर्गातही ते फारसं दिसत नाही, कारण मुलं माना डोलावतात. १९८९ साली मॉस्टेलर यांनी आपली एक साधी रीत लिहून प्रसिद्ध केली. तासाच्या शेवटच्या काही मिनिटांत विद्यार्थ्यांनी कागदावर लिहायचं : आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता? सर्वांत गढूळ राहिलेला मुद्दा कोणता? आणखी कशाविषयी ऐकायला आवडेल? कागद वाचल्यावर पाणी कुठे गढूळ राहिलं ते शिक्षकाला कळे. या लेखनाला गुण नव्हते. त्यामुळे मुलं खरं लिहीत.

त्याआधी १९७७ साली जॅनेट एमिग या अमेरिकन अभ्यासिकेने एक महत्त्वाचा निबंध लिहिला होता. लेखन हे शिकलेलं दाखवण्याचं साधन तर आहेच, पण ते स्वतःच शिकण्याची एक रीत आहे, असं तिचं म्हणणं. कवीला हे नवं नाही. कविता लिहून होईपर्यंत आपल्याला काय म्हणायचं होतं ते पुष्कळदा आपल्यालाही ठाऊक नसतं. हळूहळू गणित, विज्ञान आणि संख्याशास्त्र या विषयांच्या वर्गांतही लेखन शिरलं. १९९७ साली अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी संख्याशास्त्राची महाविद्यालयीन दर्जाची एक परीक्षा सुरू झाली. तिच्यात निम्मे गुण लिहून द्यायच्या उत्तरांना होते. नुसतं बरोबर उत्तर पुरत नाही. ज्या पावसाविषयी किंवा ज्या औषधाविषयी प्रश्न आहे, त्याविषयी वाक्यात सांगावं लागतं. एजवर्थ आणि स्टार्च यांच्या जुन्या आक्षेपालाही तिथे उत्तर शोधलं गेलं. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार एवढेच गुण. कशाला चार आणि कशाला तीन हे आधी लिहून ठरवलेलं. तपासनीस एकत्र बसून आधी नमुन्याच्या उत्तरपत्रिका तपासतात, आपापसांतला फरक पाहतात आणि मगच खऱ्या उत्तरपत्रिकांना हात लावतात. माणसाची नजर पूर्णपणे सारखी करता येत नाही, पण फरक कमी नक्की करता येतो. २००५ साली अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने महाविद्यालयांसाठी शिफारशी काढल्या, त्यांतही आकडेमोडीपेक्षा समज महत्त्वाची मानली गेली.

आता थोडं घरचं. माझे एक मित्र जिल्ह्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतात. त्यांनी एकदा विद्यार्थ्यांना एक काल्पनिक वाडी दिली. दहा घरं, नऊ घरांकडे प्रत्येकी एक एकर आणि एका घराकडे एकेचाळीस एकर. सरासरी काढा, आणि या वाडीविषयी सरपंचांना चार वाक्यं लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. मुलं आधी गोंधळली, गणिताच्या तासाला मराठी कशाला म्हणाली. पण लिहिलं सगळ्यांनी. मित्र तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही लिहिणारे. जरा गुण देऊन पाहा."

मी उत्साहाने गुण दिले. एका मुलाने फार सुरेख लिहिलं होतं. या कष्टाळू वाडीत प्रत्येक घरामागे पाच एकर काळी माती आहे, आणि त्या मातीत उद्याची स्वप्नं पेरलेली आहेत, असं काहीसं. मी त्याला दहापैकी नऊ दिले. एका मुलीचं लेखन ओबडधोबड होतं. तिने लिहिलं होतं : नऊ घरांकडे एकेक एकर आहे. एका घराकडे एकेचाळीस आहे. म्हणून सरासरी पाच आली. पाच एकर कुणाकडेच नाही. तिला मी पाच दिले.

मित्र हसले. म्हणाले, "तुमचा नऊवाला नापास आहे. आणि या मुलीला दहा द्यायला हवेत."

मी ओशाळलो. सुंदर वाक्य आणि खरं वाक्य यांतला फरक मला, आयुष्यभर शब्दांत घालवलेल्या माणसाला, कळायला हवा होता. मी एजवर्थच्या अठ्ठावीस परीक्षकांपैकीच एक निघालो. मग मित्रांनी आपले निकष दाखवले. वाक्य कुणाविषयी आहे ते सांगितलं आहे का? आकडा कशाशी ताडून पाहिला आहे? या आकड्यात काय आलेलं नाही? आणि आपण हे किती खात्रीने म्हणतो आहोत? या चारांना गुण. शैलीला नाही, शुद्धलेखनाला नाही. हे निकष समोर ठेवून मी पुन्हा तपासलं, तेव्हा आमच्या दोघांच्या गुणांत फारसा फरक राहिला नाही.

या चार प्रश्नांचं मोल मला वर्गाबाहेर कधी कळलं, तेही सांगायला हवं. सप्टेंबर २००४मध्ये २००१च्या जनगणनेतले धर्मवार आकडे जाहीर झाले. १९९१ ते २००१ या दशकात मुसलमानांची संख्या ३६ टक्क्यांनी वाढली, वेग आधीपेक्षाही चढला, अशी बातमी झाली. त्या सकाळी नेहमीच्या टपरीवर चहा पिताना माझ्या कपाकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण मी मात्र त्या दिवशी मान खाली घालून चहा प्यालो. आपण माणूस नसून एक टक्केवारी आहोत असं वाटायला लावणारा तो आकडा होता. दोन-तीन दिवसांत खुलासा झाला. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच होऊ शकली नव्हती. म्हणजे १९९१च्या बेरजेत तिथली माणसं नव्हती आणि २००१च्या बेरजेत होती. त्याआधी १९८१ साली आसामातही जनगणना झालेली नव्हती. हे प्रदेश बाजूला ठेवून सारख्याची सारख्याशी तुलना केली तेव्हा वाढ सुमारे २९ टक्के निघाली, आणि वेग आधीच्या दशकापेक्षा चढलेला नसून उतरलेला दिसला. २०११च्या जनगणनेत तो आणखी उतरून २४.६ टक्क्यांवर आला.

पहिल्या दिवशीच्या आकड्यात बेरजेची चूक नव्हती. वजाबाकी, भागाकार सगळं बरोबर होतं. परीक्षेत त्याला दहापैकी दहा मिळाले असते. एक वाक्य तेवढं गळलं होतं : या आकड्यात काय आलं आहे आणि काय आलेलं नाही. खुलासा आला तोवर पहिला आकडा गावोगाव पोचला होता, आणि खुलाशाचे पाय आकड्याइतके वेगवान नसतात. तो आकडा वाचणाऱ्या, छापणाऱ्या आणि त्यावर भाषणं ठोकणाऱ्या कितीतरी जणांनी कॉलेजात टक्केवारी शिकलेली असणार. पण हे कशाशी ताडलं, असं विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नव्हती. मलाही नव्हती. मी तरी त्या सकाळी कुठे विचारलं?

आता आकडेमोड यंत्रं करतात. अलीकडे तर वाक्यंही यंत्रं लिहून देतात, आणि ती त्या नऊ गुणवाल्या मुलाच्या वाक्यांसारखी गुळगुळीत असतात. त्यामुळे घरून लिहून आणलेल्या गृहपाठावर गुण देणं शिक्षकांना अवघड झालं आहे. माझे मित्र म्हणतात, पुन्हा मॉस्टेलर यांच्या कागदाकडे जायचं. वर्गात, शेवटच्या दहा मिनिटांत, स्वतःच्या हाताने चार ओळी. मग एकेकाला उभं करून विचारायचं, हे कशावरून लिहिलंस? वर्गात साठ मुलं असली की वेळ लागतो, हे ते कबूल करतात. पण गढूळ पाणी दिसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

हिशेब, सरासरी, अंदाज, तपशील हे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठीच्या संसारात इतके मिसळले की त्यांना कुणी पाहुणं म्हणत नाही. त्यांतला 'तपशील' मला विशेष आवडतो. मुळात त्याचा अर्थ उलगडून सांगणं. जुन्या जमाखर्चात रकमेखाली तपशील लिहीत, म्हणजे ही रक्कम कशाकशाची बनली ते सांगत. आपल्या कारकुनांना जे ठाऊक होतं, ते संख्याशास्त्राच्या परीक्षेने मला विचारलं नाही.

अब्बा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची मापांची वही माझ्याकडे आहे. आकडे आता कुणाच्याच कामाचे नाहीत, ती गिऱ्हाइकंही राहिली नाहीत. पण 'उजवा खांदा उतरता' हे वाचलं की तो माणूस अजून डोळ्यांपुढे उभा राहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)